पाचगणीला निघण्याआधी मिरजेतच बोला

पत्र : आम्ही मिरजेचे. मी एका हॉस्पिटलात नर्स आहे. माझे पती एका गोदामात हिशेब बघतात आणि सात वर्षे आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तरुणांचे काम करतात. जवळच्या कुपवाडच्या एमआयडीसी भागात नवी मंडळी सुरू करायची त्यांनी मनावर घेतले आहे. एका संस्थेने आम्हा दोघांना नोव्हेंबरात असेसमेंटसाठी, म्हणजे या कामाला आम्ही योग्य आहोत का याच्या पारखीसाठी, पाचगणीला बोलावले आहे, गुरुवारी दुपारी १२ पासून शनिवारी संध्याकाळपर्यंत. बरोबर ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गाडी १२ वर्षांची आहे. मुलाला घाटात उलट्या होतात. खरे सांगायचे तर माझेच मन अजून तयार नाही. सासूबाई म्हणतात, 'तिथे सगळ्याला हो म्हण.' महिन्याला पतींना २६ हजार आणि मला ३१ हजार मिळतात, घरखर्च व्याजासकट ४२ हजार. शिवाय दागिने ठेवून काढलेले ८० हजारांचे कर्ज आहे, ते सासूबाईंना ठाऊक नाही. तिथे हे बोलावे का? मुलांनाही तपासतात का? आणि प्रवासाचे कसे जमवावे?

उत्तर :

भगिनी, सलाम.

तुम्ही गाडीबद्दल आणि मुलाच्या उलट्यांबद्दल सविस्तर लिहिले आहे आणि 'माझे मन तयार नाही' हे एका ओळीत उरकले आहे. आम्ही त्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण या तीन दिवसांत काही बिनसले तर तिथेच बिनसेल.

मन तयार नाही हे तिथे सांगायचे, नक्की सांगायचे. पण ते तुमच्या पतींच्या कानावर पहिल्यांदा तिथल्या खोलीत, तीन अनोळखी माणसांसमोर पडता कामा नये. आधी घरी बोला, येत्या आठवड्यातच. निघायच्या आदल्या रात्री नको आणि गाडीत तर मुळीच नको. गाडीत मागे सासूबाई आणि मुले ऐकत असतात, चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होते, आणि अर्धवट राहिलेले बोलणे घेऊनच तुम्ही मुलाखतीला बसता.

एवढा आग्रह का, ते सांगतो. मंडळी स्थापन करणाऱ्याची पारख करताना जगभरच्या बऱ्याच संस्था चार्ल्स रिडली या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडलेली १३ वैशिष्ट्ये कमी-अधिक फरकाने वापरतात. त्यांतली ५ निर्णायक धरली जातात : पुढचे चित्र पाहून ते उभे करण्याची कुवत, कोणी ढकलल्याशिवाय काम करण्याची आतली ओढ, 'हे काम आमचे आहे' असे इतरांना वाटायला लावणे, मंडळीबाहेरच्या माणसांशी सहज संबंध, आणि जोडीदाराचे सहकार्य. पाचवी गोष्ट तुमच्याविषयी आहे. सहकार्य म्हणजे मान डोलावणे नव्हे, हे तिथे बसलेल्यांना चांगले कळते. साधारणपणे दोघांना आधी वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरायला देतात, मग एकत्र मुलाखत होते, आणि पुष्कळ ठिकाणी बायकोशी स्वतंत्रपणेही बोलतात. नवऱ्याने 'आम्ही दोघे पूर्ण तयार आहोत' असे लिहिले आणि बायको त्या प्रश्नावर गप्प बसली, तर ते चटकन लक्षात येते. त्यापेक्षा 'तिला या दोन गोष्टींची धास्ती आहे, आम्ही त्यावर बोललो आहोत, अजून पुरते सुटलेले नाही' हे उत्तर कितीतरी भक्कम. सासूबाईंचा सल्ला मायेपोटी आहे, पण लग्न ठरवताना पाहुण्यांसमोर चालणारी रीत इथे उपयोगाची नाही.

बोलायचे कसे? नाइट ड्यूटीनंतरचा दिवस टाळा. मुले झोपल्यावर तासभर काढा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर चार उत्तरे लिहा, मग कागद बदलून वाचा. या कामात माझे काय जाईल? कोणते काम मी करणार नाही? पैसे संपले तर पहिल्यांदा कशाला कात्री लावायची? आणि कोणत्या परिस्थितीत आपण थांबायचे? दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, विशेषतः आपल्याकडे. पाळकीणबाई (पाळकाची, म्हणजे पास्टरची बायको) म्हणजे फुकटची संडे स्कूल शिक्षिका, चहापाणी बघणारी, आजाऱ्यांना भेटणारी आणि पेटीवर बसणारी, असे न बोलता गृहीत धरले जाते. तुम्ही पाळ्यांमध्ये नोकरी करणाऱ्या नर्स आहात. 'मंगळवारची घरसभा आमच्याकडे चालेल, पण दर रविवारी वीस जणांचे जेवण मी करणार नाही' असे स्पष्ट लिहा. असा कागद दोघांच्या सहीने असेसमेंटला नेलात तर तो तुमच्या विरोधात जाणार नाही, उलट कामी येईल. आणि कागद वाचून पतींना धक्का बसला, तर तारीख पुढे ढकलण्याची विनंती करायला लाजू नका. पुढच्या तुकडीत जाता येते.

आता तिथे प्रत्यक्ष काय होते ते. संस्थेप्रमाणे क्रम बदलतो, पण ठेवण बहुधा अशीच असते : पहिल्या दिवशी ओळख, दोघांची साक्ष (श्रद्धेचा स्वतःचा अनुभव) आणि पाचारणाची, म्हणजे देवाने या कामाला बोलावल्याची, हकिकत, दुसऱ्या दिवशी मुलाखती, एखादी लेखी स्वभाव-चाचणी, १० ते १५ मिनिटांचा संदेश (प्रवचन) आणि गटात मिळून करायचे एखादे काम, उदाहरणार्थ एका काल्पनिक गावाची माहिती देऊन 'दोन तासांत पहिल्या वर्षाचा आराखडा करा' असे, तिसऱ्या दिवशी पैशांचा आराखडा, उरलेले प्रश्न आणि शेवटी निष्कर्ष समजावून सांगणे.

मुलाखतीत 'तुम्ही काय कराल' यापेक्षा 'तुम्ही काय केले आहे' हे जास्त विचारतात, कारण माणूस पुढे कसा वागेल याचा चांगला अंदाज तो मागे कसा वागला यावरून येतो. इथे आपल्या लोकांची दोन ठिकाणी हमखास गाडी अडते. पहिले म्हणजे 'प्रभूने केले' हे उत्तर. श्रद्धा म्हणून ते खरेच आहे, पण विचारणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. तरुणांचा गट समजा ८ वरून २२ वर गेला असेल, तर तेव्हा तुमच्या पतींनी नेमके काय केले, कोणाच्या घरी गेले, कोणता वार बदलला, हे सांगायला हवे. दुसरे म्हणजे सगळीकडे 'आम्ही'. नम्रता म्हणून बरे वाटते, पण काम कोणाचे ते कळत नाही. पतींना पाच प्रसंग वहीत उतरवून ठेवायला सांगा : प्रसंग काय होता, मी काय केले, काय झाले, काय फसले. प्रत्येक प्रसंग दोन ते तीन मिनिटांत सांगता आला पाहिजे. पाचांपैकी दोन फसलेले असू द्या. एकही अपयश नसलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि चिकाटी किती आहे हे फसलेल्या प्रसंगातूनच दिसते.

आकडे हजेरीच्या वहीवरून घ्या. नाताळला आलेले सत्तर जण ही तरुणांच्या गटाची संख्या नव्हे. मागच्या तीन महिन्यांची रविवारची सरासरी काढून न्या, मग ती १४ का असेना.

संदेशाचे वेगळे सांगायला हवे. चाळीस मिनिटांची सवय असलेल्या माणसाला १२ मिनिटे म्हणजे प्रस्तावनेलाही पुरत नाहीत, आणि तिथे वेळ संपली की थांबवतात. एकच शास्त्रभाग, एकच मुद्दा, एक उदाहरण. घड्याळ लावून चार वेळा म्हणून बघावे. त्यातले एकदा तरी मंडळीत कधीही न आलेल्या शेजाऱ्यासमोर. शेजारी कशाला, तर भाषेसाठी. पाचारण, तारण, अभिषेक, साक्ष, कृपा, पवित्रीकरण हे शब्द तुमच्या घरात रोजचे आहेत. कुपवाडला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या जतच्या किंवा आटपाडीच्या कामगाराला ते परके आहेत. 'साक्ष' म्हटले की त्याला कोर्ट आठवते. मिरजेत १८९४ पासून मिशनचे रुग्णालय आहे, त्यामुळे ख्रिस्ती नर्स किंवा ख्रिस्ती शेजारी ही तुमच्या गावात नवलाई नाही, आणि म्हणूनच आपली बोली वेगळी झाली आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना ही अडचण शंभर वर्षांपूर्वी दिसली होती. मिशनपासून वेगळे होऊन १९१७ साली त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज सुरू केला, आणि त्याआधीपासूनच ते अभंग-कीर्तनाच्या वळणाने लिहीत आले होते. तुमचा रस्ता साताऱ्यावरूनच जातो, पतींना एवढी आठवण करून द्यायला हरकत नाही. रिडलीच्या यादीतली ती चौथी गोष्ट, बाहेरच्या माणसांशी संबंध, बोलीभाषेतूनच पहिल्यांदा दिसते. 'गेल्या महिन्यात मंडळीबाहेरच्या किती जणांबरोबर तुम्ही जेवलात?' असा प्रश्न आला तर नावे आठवली पाहिजेत.

कुपवाडचा अभ्यासही डोळ्यांनी केलेला हवा. 'तिथे गरज आहे' एवढ्याने भागत नाही, गरज सगळीकडेच असते. तीन संध्याकाळी आणि एक रविवार सकाळ तिथे पायी फिरा. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे ते विचारा. औद्योगिक वसाहतीत ती रविवारीच असेल असे धरून चालू नका. पाळ्या किती वाजता सुटतात? खोल्यांचे भाडे आणि डिपॉझिट किती? एकटे राहणारे कामगार जास्त की कुटुंबे? आधीपासून कोणत्या मंडळ्या तिथे काम करतात आणि त्यांच्या पाळकांना तुम्ही भेटलात का? तुमच्या आताच्या मंडळीच्या पाळकसाहेबांचा आणि पंचमंडळींचा (मंडळीचा कारभार बघणाऱ्यांचा) आशीर्वाद लेखी आहे का? हा शेवटचा प्रश्न पुष्कळांना अडचणीत आणतो. चार घरे फोडून नवी मंडळी काढणे आणि मंडळीने पाठवणे यांत फरक आहे, आणि असेसमेंट घेणारे शिफारसपत्रावर न थांबता थेट फोन करतात. शेजाऱ्यांची मर्जी हाही अभ्यासाचाच भाग आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही आणि एरवीही परवानगी लागते, हे पहिल्याच महिन्यात पोलिसांकडून कळण्यापेक्षा आधी ठाऊक असलेले बरे. मदतीचे आमिष दाखवून कोणाला बोलावायचे नाही, हेही आपसात ठरवून लिहून ठेवा, विचारतात.

पैशांकडे येऊ. तुम्ही पत्रात दिलेल्या आकड्यांवर हिशेब असा बसतो : पतींचे २६ हजार, तुमचे ३१ हजार, घरखर्च कर्जाच्या व्याजासकट ४२ हजार. पतींनी नोकरी सोडली तर महिन्याला ११ हजारांची तूट. मंडळीचा खर्च, हॉलचे भाडे, खुर्च्या-माइक, फिरणे, सुरुवातीला ९ हजार धरला तर महिन्याला २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार उभे करायचे आहेत. हा कागद एका पानाचा असावा आणि दोघांना तोंडपाठ असावा. नवऱ्याने एक आकडा आणि बायकोने दुसरा सांगणे, ही या खोलीतली सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत टाळता येणारी चूक. पतींनी अर्धवेळ काम चालू ठेवले तर काय, याचा दुसरा हिशेबही न्या. आमच्या मते पहिली दोन वर्षे तोच मार्ग बरा. सगळे घर तुमच्या नाइट ड्यूटीच्या पगारावर उभे करू नका. बाहेरून आधार मिळणार असेल तर तो किती वर्षे आणि दरवर्षी किती कमी होणार, हे तुम्हीच त्यांना विचारा.

८० हजारांचे कर्ज सांगायचे. आर्थिक माहितीच्या फॉर्ममध्ये दागिन्यांवरचे कर्ज, बचत गटाचे, पतसंस्थेचे, नातेवाइकांकडून उसने घेतलेले, सगळे भरायचे असते. कर्ज असल्यामुळे सहसा कोणी नाकारत नाही. दडवलेले नंतर बाहेर आले तर मात्र नाकारतात, आणि ते योग्यच आहे. उद्या मंडळीची वर्गणी ज्यांच्या हातात जाणार, त्यांची ही पहिली कसोटी आहे. सासूबाईंना सांगायचे की नाही हा घरचा प्रश्न, पण त्या तीन दिवस तुमच्याच खोलीत असणार, फॉर्म टेबलावर पडणार. निघण्याआधी मुलाने आईला सांगावे, सुनेने नव्हे.

जाता जाता : वर्गणी पतींच्या खात्यात जमा करायची नाही, एक रुपयाही. पुढे नोंदणी करताना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली धर्मादाय कार्यालयात जावे लागेल, आणि परदेशी देणगी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. हे सगळे आज करायचे नाही, विचारले तर माहीत असावे इतकेच.

मुलांना गुण देत नाहीत. पण जेवणाच्या टेबलावर तुम्ही एकमेकांशी आणि मुलांशी कसे वागता हे तिथे सगळ्यांना दिसते. म्हणून मुलांना काहीही शिकवून नेऊ नका. 'तिथे शहाण्यासारखे वाग, नाहीतर पप्पांना काम मिळणार नाही' हे वाक्य सासूबाईंनाही उच्चारू देऊ नका. ९ वर्षांची मुलगी ते ओझे घरी घेऊन येते. तिला खरे सांगा : 'आपण कुपवाडला नवे काम सुरू करावे का, हे ठरवायला काही लोक आपल्याला मदत करणार आहेत.' तिला मिरजेच्या संडे स्कूलमधल्या मैत्रिणी सोडाव्या लागतील का, हा तिचा पहिला प्रश्न असेल. उत्तर नसेल तर 'अजून ठरले नाही' म्हणा. धाकट्यासाठी सासूबाई येत आहेत हे उत्तम, कारण दुसरा दिवस तुम्हा दोघांचा सकाळपासून रात्रीपर्यंत जाऊ शकतो. आधी फोन करून विचारा : खोली तळमजल्यावर मिळेल का, मुलांचे जेवण साडेसातला होईल का, मुलांना सांभाळायला कोणी आहे का, गरम पाणी किती वाजता असते. नोव्हेंबरात पाचगणीची रात्र मिरजेच्या हिशेबाने चांगलीच गार असते. स्वेटर, कानटोपी, मोजे, आणि सासूबाईंची शाल वेगळी.

आता रस्ता. गुरुवारी पहाटे निघून १२ ला पोचू, हा विचार सोडा. बुधवारी जा. एका दिवसाच्या मुक्कामाचा खर्च वाढेल, पण उलटी करून रडणारा मुलगा आणि पाच तास गाडी चालवलेला नवरा घेऊन पहिल्या मुलाखतीला बसण्यापेक्षा तो परवडला. संस्थेला विचारा, बहुतेक ठिकाणी आदल्या रात्रीची सोय करतात. नाहीच झाली तर वाईत मुक्काम करा आणि घाट गुरुवारी सकाळी चढा.

मिरज, सांगली, आष्टा, पेठ नाका, तिथून महामार्गाने कऱ्हाड, सातारा, पाचवड फाटा, वाई आणि पसरणी घाट चढून पाचगणी. साधारण १७० ते १८० किलोमीटर. थांबे धरून पाच-साडेपाच तास मोजा. सकाळी ८ ला निघालात तर दुपारी दीडपर्यंत पोचता. टोल दोन, तासवडे आणि आनेवाडी. फास्टॅगमध्ये पैसे आणि वैधता आदल्या रात्री बघा, नाहीतर टोलला जादा पैसे जातात. महामार्गावर सहापदरीकरणामुळे जिथे वळवलेला रस्ता लागेल तिथे घाई नको. पेट्रोल जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे मिळून ४०० किलोमीटर, लिटरला १६ चा अॅव्हरेज धरला तर २५ लिटर; १०५ रुपये दराने सव्वीसशेच्या आसपास.

नोव्हेंबर म्हणजे उसाचा हंगाम. सांगली ते पेठ या टप्प्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, पुष्कळांना मागे दिवे नसतात आणि ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना ऊस बाहेर आलेला असतो. दिवसा त्यांच्यामुळे फक्त वेळ जातो. अंधारात जीव जातो. जाताना आणि येताना हा टप्पा उजेडातच पार करा, यात तडजोड नको.

बारा वर्षांच्या गाडीला घाट दाखवण्याआधी, निघण्याच्या आठवडाभर आधी, गॅरेजवाल्याला नेमके सांगून या. कूलंटची पातळी (इंजिन थंड असताना) आणि रेडिएटरचा पंखा सुरू होतो का. ब्रेक पॅड किती उरले. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का. टायरची हवा आणि स्टेपनीचीही. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. पाच माणसे आणि सामान असताना 'पूर्ण भार' लिहिलेला आकडा घ्या. सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नका. गॅरेजमध्ये काही उघडले-लावले असेल आणि त्यात चूक राहिली असेल तर ती आठवड्याभरात मिरजेतच कळू द्या. गाडी सीएनजीवर असेल तर घाटाआधी पेट्रोलवर घ्या, पाच माणसे घेऊन चढताना ओढ कमी पडणार नाही. काटा तापलेला दिसला तर एसी बंद करून जागा बघून थांबा. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडायचे नाही.

वाई ते पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण चढ सहाशे मीटरच्या आसपास आणि वळणावर वळण. मुलाच्या उलट्यांचे कारण तुम्हाला आम्ही काय सांगावे. तरी सासूबाईंसाठी लिहितो, कारण खाऊ त्याच देणार. कानातल्या तोलाच्या यंत्रणेला वळण कळते, डोळे मात्र समोरची सीट किंवा मोबाइल बघत असतात. दोघांचा मेळ बसला नाही की मळमळते. म्हणून मोबाइल आणि चित्रांचे पुस्तक पाचवड फाट्याला काढून घ्यायचे. त्याला लांबचे दिसेल अशा उंचीवर बसवा. त्याच्या मापाची चाइल्ड सीट हे कामही करते आणि कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला बांधून बसवणे सक्तीचेही आहे. मांडीवर घेऊन पुढे बसणे नको. शेवटचे खाणे घाटाच्या दीड-दोन तास आधी, सातारा येण्याआधीच : इडली, भाकरी-दही, केळे. उपाशी ठेवले तरी मळमळ वाढते. तेलकट भडंग आणि वडा मोठ्यांनीही वास येईल म्हणून टाळा. वाईत २० मिनिटे पायी फिरवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि औषध द्यायचे तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे महामार्गावर असतानाच. घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीतच जाते. जाड पिशव्या, ओला रुमाल आणि मुलाचा एक जादा शर्ट हाताशी, डिकीत नव्हे. पतींच्या मुलाखतीच्या कपड्यांची घडी मात्र डिकीतच.

उतरताना दुसरा गिअर, फार तीव्र वळणाला पहिला. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, जुने ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. न्यूट्रलवर उतरवणे म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी ब्रेक घालवणे.

शनिवारी संध्याकाळी संपल्यावर लगेच निघू नका. थकलेला माणूस, अंधारातला घाट आणि शेवटी उसाच्या ट्रॉल्या, असे तिन्ही एकाच रात्री येतात. रविवारी सकाळी ७ ला उतरा. सुट्टीची गर्दी तेव्हा नसते. पतींकडे रविवारची जबाबदारी असेल तर ती आत्ताच दुसऱ्याला द्या. साताऱ्यात उपासनेला बसून, कंदी पेढे घेऊन, दुपारी घरी पोचता येते. पेढे येताना घ्या, जाताना नव्हे. असेसमेंट घेणाऱ्यांना भेट नेऊ नका, त्यांची पंचाईत होते.

निष्कर्ष बहुधा चारपैकी एक असतो : शिफारस, अटींसह शिफारस, आत्ता नाही, किंवा हे काम तुमच्यासाठी नाही. अटी म्हणजे उदाहरणार्थ सहा महिने एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली काम, कर्ज फेडणे, किंवा समुपदेशकाला चार-पाच वेळा भेटणे. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, दोघांनी. थकलेल्या कानांना निम्मे वेगळेच ऐकू येते. पटले नाही तर तिथे वाद घालू नका, 'हे कोणत्या प्रसंगावरून वाटले?' एवढे विचारा आणि लेखी अहवाल कधी मिळेल ते विचारा.

येतानाच्या गाडीत त्यावर चर्चा नको, सासूबाईंनी कितीही विचारले तरी. मंगळवारी मुले शाळेत असताना दोघे बसा, निघण्याआधीचे ते दोन कागद पुन्हा काढा आणि वहीत उतरवलेल्या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचा. लेखी अहवाल येईपर्यंत मंडळीत कोणी विचारले तर दोघांनी एकच सांगायचे : असेसमेंट झाली, अहवाल हातात आला की पहिल्यांदा पाळकसाहेबांना दाखवणार आहोत.